मानेसाठी बोटॉक्स, फिलर की मशीन? आधी काय, नंतर काय

क्रीम लावणारा हात बहुतेकांचा हनुवटीपाशी थांबतो. चेहरा वर्षानुवर्षं जपला जातो आणि मान उन्हात, घामात, साखळ्या-मंगळसूत्राच्या घर्षणात तशीच राहते. मग चाळिशी-पंचेचाळिशीत घरच्या लग्नाचे फोटो येतात आणि चेहरा बरा दिसला तरी मान दहा वर्षं पुढे गेलेली वाटते. हल्ली वजन कमी करायच्या इंजेक्शनांमुळे झपाट्याने बारीक झालेल्यांनाही हाच अनुभव येतो. चरबी उतरते, पण कातडी लोंबत राहते. चौकशी करायला गेलं की एकदम पाच-सहा नावं कानावर पडतात: बोटॉक्स, फिलर, हायफू, थ्रेड, स्किन बूस्टर, लेझर. प्रत्येक ठिकाणी वेगळं पॅकेज, आणि प्रत्येक जण म्हणतो आमचंच चांगलं.

पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्या बाईमाणसांसाठी आणि पुरुषांसाठीही हा लेख आहे. मान एकाच कारणाने वयस्क दिसत नाही. रंग, कातडी, वळ्या, स्नायू आणि चरबी या पाच गोष्टी वेगवेगळ्या वेगाने बिघडतात, आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. म्हणून उपचार एकत्र करावे लागतात, हे खरं. पण एकत्र म्हणजे एकदम नव्हे. आपल्या मानेत नेमकं काय बिघडलंय ते ओळखायचं, सगळ्यात जास्त बिघडलंय तिथून सुरुवात करायची, त्याचा परिणाम पुरता दिसू द्यायचा आणि मगच पुढच्या उपचाराचे पैसे भरायचे.

मान नाजूक का असते

मानेची कातडी चेहऱ्यापेक्षा पातळ असते. तिच्यात तैलग्रंथी आणि केसांची मुळंही कमी असतात. लेझर किंवा पील (वरचा थर सोलणारं रसायन) केल्यावर कातडी भरून येते ती प्रामुख्याने या मुळांमधून आणि ग्रंथींमधून, म्हणून चेहऱ्यावर आठवड्यात बरी होणारी जखम मानेवर जास्त दिवस घेते आणि व्रण राहण्याची भीतीही जास्त असते. चेहऱ्याला चाललेलं मशीनचं सेटिंग किंवा पीलची तीव्रता मानेला जशीच्या तशी कधीच वापरू नये. कोणी तसं करायला निघालं तर तिथेच थांबवा.

कातडीखाली चरबीचा पातळ थर असतो आणि त्याखाली प्लॅटिस्मा नावाचा रुंद, पातळ स्नायू. तो जबड्यापासून हासळीपर्यंत दोन्ही बाजूंनी पसरलेला असतो. वय वाढतं तसं त्याच्या मधल्या कडा घट्ट दोऱ्यांसारख्या वर येतात. शिवाय हा स्नायू सतत खाली ओढत असतो, त्यामुळे जबड्याची रेषाही हळूहळू पुसट होते. त्याच्याही खाली आणखी चरबी आणि लाळग्रंथी असतात. त्या खोलीवर सुई-मशीनचे सौंदर्योपचार फारसे पोहोचत नाहीत. हनुवटीखालचा फुगवटा तिथला असेल तर बाहेरून कितीही खर्च केला तरी तो हलत नाही. ही मर्यादा आधीच कळली तर मोठी निराशा टळते.

पायरी १: खिडकीजवळ आरसा घेऊन बसा

बाथरूममधल्या दिव्यात मान नीट कळत नाही. सकाळी खिडकीजवळ बसा, उजेड बाजूने येऊ द्या आणि केस वर बांधा. फोटो काढायचे तर फोन हनुवटीच्या उंचीवर धरा. खालून काढला की कुणाचीही डबल चिन दिसते.

आधी रंग बघा. मानेच्या दोन्ही बाजूंना तांबूस-तपकिरी जाळीदार डाग आणि हनुवटीच्या सावलीतला मधला पट्टा मात्र मूळ रंगाचा, असं दिसलं तर ते उन्हाचं काम आहे. मग आडव्या वळ्या बघा. त्या काहींना विशीतही असतात आणि बऱ्याचदा त्या जन्मजात ठेवणीच्या असतात, त्यामुळे त्या पूर्ण जातील ही अपेक्षा ठेवू नका.

आता दात एकमेकांवर ठेवा, खालचा ओठ खाली ओढा आणि जोरात 'ई' म्हणा. मानेवर उभे दोर ताठ उभे राहतील. तोंड सैल सोडा. दोर नाहीसे झाले तर ते स्नायूच्या आकुंचनाचे आहेत आणि त्यांना बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, चांगलं लागू पडतं. तोंड सैल असतानाही ते दिसत राहिले आणि त्यांच्यावर कातडी पडद्यासारखी लोंबत असेल, तर बोटॉक्सने थोडाच फरक पडेल.

शेवटी हनुवटीखाली चिमूट घ्या. चिमटीत जाड, गुबगुबीत भाग आला तर तिथे चरबी आहे. चिमूट तशीच धरून पुन्हा 'ई' म्हणा. स्नायू आवळल्यावरही बोटांत जे उरतं ती वरची चरबी, म्हणजे उपचाराने कमी होऊ शकणारी. चिमूट सुटून बोटं रिकामी झाली तर फुगवटा खालच्या थरातला असण्याची शक्यता जास्त. चिमटीत नुसती पातळ कातडी आली आणि सोडल्यावर सावकाश जागेवर गेली, तर तुमचा प्रश्न सैलपणाचा आहे.

हे सगळं एका कागदावर लिहा आणि सगळ्यात जास्त काय खुपतं त्याला एक नंबर द्या. डॉक्टरांसमोर बसल्यावर हा कागद फार उपयोगी पडतो, कारण तिथे गेल्यावर 'मान जरा छान करून द्या' एवढंच तोंडातून निघतं.

पायरी २: हा आजार तर नाही ना?

माझ्या मोठ्या वहिनींची मान मागच्या बाजूने, केसांच्या रेषेखाली काळी पडली होती. त्या रोज मसूर डाळीच्या पिठाने घासायच्या. घासून ती आणखी काळी झाली, तेव्हा म्हणाल्या, "आता लेझरच करून घेते." डॉक्टरांनी मानेवरून बोट फिरवलं. कातडी जाडसर, मखमली लागत होती. मग त्यांनी काख बघितली, मानेवरचे दोन-तीन बारीक मस बघितले आणि विचारलं, "घरात कुणाला साखर आहे का?" चिठ्ठीवर लेझरऐवजी एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, लिहून दिलं. रिपोर्ट मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा आला. आहार, चालणं आणि गोळ्या सुरू झाल्या, वजन उतरलं, तसा मानेचा काळेपणाही पुष्कळ कमी झाला.

या काळेपणाला अकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात. इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, त्याची ही खूण. आपल्याकडे ती इतकी सर्रास दिसते की लोक तिला मळ समजतात. मूळ कारण तसंच ठेवून वरून लेझर मारलं तर पैसे वाया जातात.

तसंच घशाच्या पुढच्या भागात खालच्या बाजूला फुगीर वाटत असेल तर आरशात बघत पाण्याचा घोट घ्या. गिळताना तो उंचवटा वर-खाली हलला तर ती थायरॉइडची गाठ असू शकते. सौंदर्योपचार बाजूला ठेवा आणि आधी सोनोग्राफी, रक्ततपासणी करून घ्या. मानेवरची कुठलीही नवी गाठ, वाढता तीळ किंवा न भरणारी जखम यांनाही हेच लागू आहे.

आणखी एक कारण दागिन्यांचं. खोट्या दागिन्यांतल्या निकेलने मानेला खाज येते, पुरळ उठतं आणि नंतर त्या जागी काळा पट्टा राहतो. सेंट थेट मानेवर फवारून उन्हात गेलं तरी डाग पडतात, आणि केसांच्या डायची ॲलर्जीही मानेवर काळेपणाच्या रूपाने दिसते. अशा वेळी कारण दूर करणं हाच पहिला उपचार.

पायरी ३: दोन महिने घरच्या घरी

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. माझ्या मते तो सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण उन्हाने रापलेल्या मानेवर लेझर केलं तर आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला डाग पडण्याची शक्यता वाढते.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही अडवणारं घ्या. मानेसाठी वेगळं बोटभर काढा आणि बाजू, मागचा भाग, ब्लाउजच्या गळ्यातून उघडा राहणारा भाग सगळीकडे लावा. दुचाकीवर असाल तर स्कार्फ नुसता तोंडाला न गुंडाळता मानेभोवतीही घ्या. रात्री साधं मॉइश्चरायझर आणि आठवड्यातून दोन रात्री रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचं क्रीम. मानेला ते चेहऱ्यापेक्षा लवकर झोंबतं, म्हणून वाटाण्याएवढं घेऊन मॉइश्चरायझरमध्ये मिसळून लावा आणि चाललं तरच वाढवा. गरोदरपणात किंवा मूल होऊ द्यायचा विचार असेल तर रेटिनॉल आणि त्याच कुळातलं जास्त तीव्र ट्रेटिनॉइन दोन्ही टाळा.

मेडिकलमधून आणलेलं गोरेपणाचं क्रीम मानेला लावू नका. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. सुरुवातीला कातडी उजळते, पण पुढे पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, आणि बंद केलं की डाग आधीपेक्षा गडद होतात. आधीच पातळ असलेल्या मानेचं त्यात कायमचं नुकसान होतं.

पायरी ४: डॉक्टर निवडा, मशीन निवडू नका

त्वचाविकारात एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल केलेले डॉक्टर किंवा एमसीएच झालेले प्लास्टिक सर्जन, यांच्याकडेच जा. महाराष्ट्रात डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असतो आणि तो तपासून बघता येतो. पार्लरमध्ये किंवा कुणाच्या घरी बोटॉक्स, फिलर, चरबी वितळवणारी इंजेक्शनं कधीच घेऊ नका. मानेत गिळण्याचे आणि आवाजाचे स्नायू, मोठ्या रक्तवाहिन्या आणि ओठ हलवणारी नस अगदी जवळजवळ आहेत.

पहिल्या भेटीत हे विचारा: सुई कोण टोचणार, तुम्ही की मदतनीस? औषधाची बाटली किंवा पॅकेट माझ्यासमोर फोडणार का? मशीन कोणत्या कंपनीचं आणि त्याला कोणाची मान्यता? फिलर (कातडीखाली भरायचं जेल) घेतला तर तो विरघळवणारं हायल्युरोनिडेज क्लिनिकमध्ये ठेवलेलं असतं का? रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा? या प्रश्नांनी चिडणारी जागा सोडून द्यावी.

आपल्याकडूनही सगळं सांगायला हवं: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, पेसमेकर, जखमेच्या जागी जाड कडक व्रण म्हणजे केलॉइड होण्याची प्रवृत्ती, आधी मानेत टाकलेले थ्रेड (कातडी उचलणारे धागे) किंवा फिलर. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हे उपचार थांबवावेत. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल किंवा गिळायला आधीपासून त्रास होत असेल तर मानेत बोटॉक्स घेऊ नये. गाणारे, कीर्तनकार, शिक्षक यांनी आपला व्यवसाय मुद्दाम सांगावा. मात्रा जास्त झाली किंवा खोल गेली तर काही आठवडे आवाजात फरक पडू शकतो, मान उचलताना अशक्तपणा वाटू शकतो. शीर्षासन, सर्वांगासन नियमित करणाऱ्यांनाही ते जाणवतं.

पायरी ५: कोणत्या तक्रारीला काय

उभ्या दोरांसाठी बोटॉक्स. दोराच्या लांबीवर ठरावीक अंतराने थोडं थोडं औषध वरवर टोचतात. डॉक्टर तुम्हाला 'ई' म्हणायला लावतात, दोर चिमटीत पकडतात, पांढऱ्या पेन्सिलने खुणा करतात आणि मग बारीक सुईने एकेक टोचा देतात. मुंगी चावल्यासारखं दुखतं आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं संपतं. जबड्याच्या कडेलाही काही टोचे दिले की स्नायूची खाली ओढ कमी होते आणि जबड्याची रेषा जरा उठते. इजिप्तच्या राणीच्या नावावरून याला नेफर्टिटी लिफ्ट म्हणतात. मानेच्या दोरांसाठी बोटॉक्स जगभर बरीच वर्षं वापरात होतं, पण अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने या वापराला रीतसर मान्यता दिली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये. तिथली मात्रा दोरांच्या तीव्रतेनुसार २६ ते ३६ युनिट आहे. वेगवेगळ्या ब्रँडची युनिट सारखी नसतात, त्यामुळे 'मैत्रिणीला इतकी दिली, मला इतकी का' ही तुलना करताना ब्रँडही विचारा. परिणाम तीन-चार दिवसांत सुरू होतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि तीन-चार महिने टिकतो.

हनुवटीखालच्या वरच्या चरबीसाठी डीऑक्सिकोलिक आम्लाची इंजेक्शनं. हे आम्ल आपल्या पित्तातही असतं आणि चरबीच्या पेशींचं आवरण फोडतं. अमेरिकेत २०१५ मध्ये त्याला हनुवटीखालच्या चरबीसाठी मान्यता मिळाली. सिटिंग किमान महिन्याच्या अंतराने, जास्तीत जास्त सहा. मात्र प्रत्येक वेळी चांगली सूज येते. पहिले काही दिवस हनुवटीखालचा भाग आधीपेक्षाही मोठा दिसतो आणि आठवडा-दोन आठवड्यांत उतरतो. सुई चुकीच्या जागी गेली तर ओठाची नस दुखावते आणि हसताना तोंड वाकडं होतं. ते बहुधा आपोआप बरं होतं, पण आठवडे लागतात. 'फॅट डिझॉल्व्हिंग'च्या नावाने विकल्या जाणाऱ्या, आत काय आहे ते न लिहिलेल्या मिश्रणांपासून लांब राहा. चरबी गोठवण्याचं मशीनही असतं, पण त्यात क्वचित उलटा परिणाम होऊन त्या जागची चरबी वाढते आणि घट्ट होते, हे आधीच माहीत असावं. एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: कातडी आधीच सैल असेल तर चरबी काढल्यावर ती आणखी लोंबेल.

सैल कातडीसाठी उष्णता देणारी मशीन. केंद्रित अल्ट्रासाउंड कातडीखाली दीड, तीन आणि साडेचार मिलिमीटर खोलीवर बारीक बिंदूंत ६० अंशांच्या वर तापमान नेतं. तिथलं जुनं कोलॅजन (कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन) आक्रसतं आणि नवं तयार व्हायला लागतं. मान आणि हनुवटीखालच्या भागासाठी अशा एका मशीनला एफडीएची मान्यता २०१२ मध्ये मिळाली. त्यात पडद्यावर आतले थर दिसतात, म्हणजे ऊर्जा कुठे जातेय ते डॉक्टरांना कळतं. बाजारात 'हायफू' नावाखाली येणाऱ्या अनेक स्वस्त मशीनमध्ये ही सोय नसते. दुखतं, विशेषतः जबड्याच्या हाडाजवळ, म्हणून वेदनाशामक आधी मागून घ्या. फरक हळूहळू, तीन ते सहा महिन्यांत दिसतो आणि तो माफक असतो. अल्ट्रासाउंड आणि रेडिओफ्रीक्वेन्सी (रेडिओलहरींनी दिलेली उष्णता) कातडीतल्या रंगद्रव्याला लक्ष्य करत नाहीत, त्यामुळे सावळ्या कातडीला त्या लेझरपेक्षा सोयीच्या. सुयांतून रेडिओफ्रीक्वेन्सी देण्याची पद्धत पातळ, सुरकुतलेल्या कातडीला उपयोगी आहे, पण त्या प्रकारात भाजणं, व्रण, चरबी विरघळून खड्डे पडणं आणि नसांना इजा होणं अशा घटनांबद्दल एफडीएने ऑक्टोबर २०२५ मध्ये सावध केलं आहे. बारीक माणसाच्या मानेवर खोल सेटिंग चालवू देऊ नका.

आडव्या वळ्या आणि कोरडी, चुरगळलेल्या कागदासारखी कातडी, यांसाठी हायल्युरोनिक आम्लाचे पातळ प्रकार म्हणजे स्किन बूस्टर, किंवा सलाइनने पुष्कळ पातळ केलेलं कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपटाइट. पहिलं कातडीत ओलावा धरतं, दुसरं कोलॅजन वाढवतं. बूस्टरच्या सिटिंग साधारण महिन्याच्या अंतराने दोन-तीन होतात. टोचल्यावर दिसणाऱ्या बारीक गाठी एक-दोन दिवसांत बसतात. एखादी वळी फारच खोल असेल तर तिथे मऊ फिलर थोडासा भरता येतो. गालाचा घट्ट फिलर मानेत घातला तर तो दोरीसारखा उठून दिसतो, आणि पातळ कातडीखाली निळसर झाकही मारतो.

डागांसाठी आयपीएल (तीव्र प्रकाशाचे झोत) किंवा लेझर, आपल्या कातडीला बेताच्या ऊर्जेने. १०६४ नॅनोमीटरचं एनडी-यॅग लेझर खोल जातं आणि वरच्या रंगद्रव्यात कमी शोषलं जातं, म्हणून गडद कातडीला त्यातल्या त्यात सुरक्षित. कानामागे किंवा मानेच्या बाजूला छोटी पॅच टेस्ट घ्यायला लावा आणि दोन-तीन आठवडे वाट बघा.

विरघळणारे थ्रेड कातडी उचलतात, पण मान सतत वळते, त्यामुळे तिथे ते फार टिकत नाहीत आणि कधी कधी ओळी दिसतात. नवख्या माणसाने तिथून सुरुवात करू नये असं मला ठामपणे वाटतं. पीआरपीचा, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेटच्या इंजेक्शनाचा, मानेवरचा पुरावा तोकडा आहे. एक्झोसोमच्या (पेशींतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांच्या) कोणत्याही उत्पादनाला एफडीएची मान्यता नाही, तेव्हा ते पॅकेजमध्ये फुकट घातलं तरी नको म्हणा.

पायरी ६: क्रम लावणे

साधा नियम असा: आधी कमी करायचं, मग घट्ट करायचं, मग भरायचं. चरबी काढून झाल्यावरच किती कातडी सैल उरली ते कळतं. कातडी घट्ट झाल्यावरच वळ्या किती खोल राहिल्या ते कळतं. उलट केलं, म्हणजे आधी फिलर आणि मग उष्णता, तर नुकत्याच भरलेल्या औषधावर मशीन फिरतं आणि दोन्हींचा हिशेब बिघडतो.

समजा तुमचं वय पन्नाशीच्या आसपास आहे, हनुवटीखाली थोडी चरबी, उभे दोर आणि कातडी बेताची सैल आहे, आणि घरात लग्न आठ महिन्यांवर आलंय. पहिले दोन महिने सनस्क्रीन, रेटिनॉल आणि तपासण्या. त्यानंतर चरबीच्या इंजेक्शनाच्या दोन सिटिंग, महिन्याच्या अंतराने. सूज पूर्ण उतरल्यावर, म्हणजे चौथा महिना संपताना, अल्ट्रासाउंड. सहावा महिना संपला की बोटॉक्स. आणखी दोन आठवड्यांनी, दोर सैल पडलेले असताना, डॉक्टरांना पुन्हा मान दाखवा. अनेकदा इथेच लक्षात येतं की आडव्या वळ्यांसाठी ठरवलेलं बूस्टर आता तितकं गरजेचं नाही. हवं असेल तर त्याची एक सिटिंग सातवा महिना संपायच्या आत घ्या. शेवटचे चार आठवडे काहीही नवीन नको, कारण निळा डाग, सूज किंवा पुरळ राहिलं तर सावरायला वेळ हवा. बोटॉक्स तीन-चार महिने टिकतं हे धरून त्याची तारीख लग्नाच्या आधी दोन महिन्यांच्या आत पडेल असं बघा.

काही डॉक्टर एकाच दिवशी दोन गोष्टी करतात, आणि अनुभवी हातात ते चालतं. तेव्हा मशीन आधी आणि सुई नंतर हे बघा. मशीनमुळे सूज येते आणि चोळलंही जातं, त्याने आधी टोचलेलं बोटॉक्स पसरू शकतं. लेझर आणि सुयांची रेडिओफ्रीक्वेन्सी मात्र एकमेकांपासून निदान महिनाभर दूर ठेवा. पहिल्यांदाच करत असाल तर एका भेटीत एकच उपचार घ्या. काही बिघडलं तर कशाने बिघडलं हे कळतं, आणि फायदा झाला तर कशाने झाला हेही.

कुणाला फक्त दोरच खुपत असतील तर हा सगळा खटाटोप नको, एक बोटॉक्स पुरे. आणि चिमटीत कातडी मुठीएवढी येत असेल, लोंबणारा पडदा उभा दिसत असेल, तर हे सगळे उपचार मिळूनही शस्त्रक्रियेची जागा घेऊ शकत नाहीत. अशा वेळी चांगला डॉक्टर स्वतःहून प्लास्टिक सर्जनकडे पाठवतो.

पैशांचं

बोटॉक्स युनिटवर, फिलर सिरिंजवर, अल्ट्रासाउंड रेषांच्या संख्येवर आणि बाकी बरंचसं सिटिंगवर आकारलं जातं. कोटेशन लेखी घ्या आणि त्यात युनिट, सिरिंज, रेषा किती ते लिहून मागा. सौंदर्योपचारांना वैद्यकीय सेवांची करसवलत नाही, त्यामुळे जीएसटी वेगळा लागतो, तो धरूनच हिशेब करा. आरोग्य विमा यातलं काही देत नाही. आठ सिटिंगचे पैसे आगाऊ भरून सूट घेण्यापेक्षा एकेकाचे भरलेले बरे, कारण दुसऱ्या सिटिंगनंतर तुमची गरज बदलू शकते. ईएमआयवर मान दुरुस्त करू नका.

पायरी ७: घरी आल्यावर

बोटॉक्सनंतर चार तास आडवं होऊ नका, मान चोळू नका, त्या दिवशी व्यायाम आणि तेलमालीश नको. सुयांचा किंवा लेझरचा उपचार झाला असेल तर मंगळसूत्र, चेन, बंद गळ्याचे कपडे आणि सेंट काही दिवस बाजूला ठेवा. डोक्याला लावलेलं तेल आणि डाय मानेवर ओघळणार नाही याची काळजी घ्या. पार्लरचं फेशियल आणि ब्लीच दोन आठवडे नको. सनस्क्रीन डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून पुन्हा सुरू करा आणि त्याआधी मान सुती ओढणीने झाका.

थोडी सूज, निळसर डाग, बधिरपणा आणि दुखरेपणा अपेक्षित आहे. पण गिळताना अडकणं, श्वास लागणं, आवाज एकदम बदलणं यापैकी काही झालं तर वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा. फिलरनंतर कातडी पांढरी पडली, जाळीदार निळसर दिसू लागली किंवा वेदना वाढत गेल्या तर रक्तवाहिनी अडली असू शकते. तिथे तासांनी फरक पडतो, रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा. हसताना ओठ वाकडा होणं, मशीननंतर फोड येणं, ताप किंवा पू दिसणं, यांसाठी त्याच दिवशी दाखवा.

प्रत्येक उपचाराआधी आणि त्यानंतर तीन महिन्यांनी, त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी, एक फोटो समोरून, एक बाजूने आणि एक 'ई' म्हणतानाचा काढून ठेवा. पुढे बोटॉक्स वर्षातून दोन-तीनदा, बूस्टर सहा-आठ महिन्यांनी, अल्ट्रासाउंड वर्ष-दीड वर्षाने अशी सर्वसाधारण देखभाल सांगितली जाते. ती घ्यायची की नाही हे फोटो शेजारी ठेवून ठरवा. ज्या उपचाराचा फरक तुम्हाला स्वतःला दिसत नसेल, तो पुढच्या वेळी यादीतून काढून टाका.